भाजल्यावर टूथपेस्ट लावणं आता तरी थांबवूया

कर्वेनगरकर:
परवा संकष्टीला मोदकपात्राचं झाकण काढताना बायकोच्या मनगटावर वाफ आली. मी तिला नळाकडे नेईपर्यंत शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन हजर. त्यांनी मायेनंच मनगटभर फासली. गार वाटलं म्हणून हीपण गप्प बसली. संध्याकाळी दवाखान्यात ती वाळलेली पेस्ट ओल्या गॉजनं काढताना फोडाची साल सोबत आली. तिचे डोळे भरले, मला माझाच राग आला. पेस्टमधल्या पुदिन्यानं गार वाटतं, पण भाजलेली जागा काही गार होत नाही. अंगठी-बांगड्या लगेच काढा आणि हात २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. शाई, तूप, हळद, बर्फ, काही लावू नका.

आजीची नात, नारायण पेठ:
सगळंच मोडीत काढू नका. माझा हात कुकरला भाजला तेव्हा आजीनं कोरफडीचा गर लावला, आज डागही नाही. आणि गुरुवारी नळाला पाणी नसलं तर काय करायचं? खोकल्याला मध चाटवतो, तेही थोतांडच का?

कर्वेनगरकर:
बादलीतलं पाणी तांब्यानं हळूहळू ओतत राहा. भाजून तीन तास झाले नसतील तोवर उपयोग होतो. वरवरचं भाजलेलं कोरफडीशिवायही आठवड्याभरात भरून येतं, म्हणून श्रेय तिला जातं. मोठ्या मुलाला मध जरूर द्या, खोकल्याला आराम पडतो. पण वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही नको. बोट्युलिझम होऊ शकतो, त्यात बाळ लुळं पडतं. जन्मल्या जन्मल्या मध चाटवणाऱ्या घरांना हे सांगाच.

धायरीची आई:
माझा अनुभव ऐका. गेल्या पावसाळ्यात लेकाला डेंगी झाला. पपईच्या पानांचा रस दिला, चार दिवसांत प्लेटलेट ४० हजारांवरून लाखावर गेल्या. डोळ्यांनी बघितलंय.

कर्वेनगरकर:
ताई, लेक बरा झाला हे वाचून बरं वाटलं. पण डेंगीत ताप उतरल्यावर दोन-तीन दिवसांत प्लेटलेट बहुधा आपसूकच वाढतात. खरा धोका ताप उतरतानाच असतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा. कडू रसानं पोरं ओकतात, मग उलटी रसाची की आजाराची हेच कळत नाही.

धायरीची आई:
ओकला होता, दोनदा. मी रसामुळेच समजले आणि रात्रभर घरीच थांबले. रसावरचा विश्वास माझा अजून आहे. पण त्या रात्री थांबायला नको होतं.