जुन्या सॅलरी खात्यात आलेला टॅक्स रिफंड बँकेने दंडापोटी कापून घेतला. काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

बहिणीसाठी विचारतोय. मे २०२२ मध्ये तिने नोकरी बदलली. आधीच्या कंपनीचं सॅलरी खातं एका खाजगी बँकेत होतं, झिरो बॅलन्सवालं. तिचा शेवटचा व्यवहार त्याच ऑगस्टमधला, तेव्हा शिल्लक ४,२१२ रुपये. पगार येणं थांबल्यावर बँकेने ते साधं बचत खातं केलं आणि १०,००० ची किमान शिल्लक लावली. नोव्हेंबरपासून दरमहा ५९० कापत पुढच्या मेपर्यंत ८२ रुपये उरले. तिथवरचं एक वेळ सोडून देऊ.

इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर रिफंडसाठी मात्र हेच खातं होतं. गेल्या आठवड्यात ६,३४० जमा झाले आणि त्याच रात्री ५९० च्या दहा नोंदी व २३६ ची एक नोंद पडली. आता शिल्लक २८६. कोणत्या महिन्याचा दंड, हे स्टेटमेंटवर कुठेच नाही. शाखेत उत्तर मिळालं, "सिस्टिमने कापलंय मॅडम, आमच्या हातात काही नाही. अजून ड्यू आहे, ते भरल्याशिवाय खातं बंद होणार नाही."

नोटिसा म्हणे ई-मेलने पाठवल्या होत्या. म्हणजे जुन्या ऑफिसच्या आयडीवर, जो राजीनाम्यासोबतच बंद झाला. मोबाईल नंबर तोच आहे आणि त्यावर याच बँकेच्या कर्जाच्या जाहिराती अगदी वेळेवर येतात!

हे नियमात बसतं का? आणि थेट रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करता येते का?

प्रतिसाद:
सोडून द्या हो. सहा हजारांसाठी कोण हेलपाटे घालणार? बरेचसे सरकारी बँकवाले आता हा दंड घेतच नाहीत. स्टेट बँकेने २०२० मध्येच बंद केला. खातं तिकडे उघडा.

धागाकर्ता:
नवं खातं आहेच. प्रश्न कापलेल्या पैशांचा आहे.

प्रतिसाद:
बँकेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. सोडू नका, तुमची बाजू भक्कम दिसते.

रिझर्व्ह बँकेचं नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू. शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी ग्राहकाला कळवायचं आणि भरणा करायला किमान एक महिना द्यायचा. दंड कमतरतेच्या प्रमाणात हवा. स्लॅब चालतात, पण सात महिने शिल्लक घटत असताना आकडा एकच, हे मला खटकतंय. दरपत्रक मागून घ्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निव्वळ या दंडामुळे बचत खातं उणे होता कामा नये.

आता गंमत पाहा. खातं उणे दाखवायचं नाही, म्हणून काही बँका दंडाची रक्कम 'लीन' म्हणून बाजूला मांडून ठेवतात आणि पैसे आले की उचलतात. कागदावर शिल्लक शून्याखाली जात नाही, वसुली मात्र तीच. माझ्या मते ही नियमातून काढलेली पळवाट आहे. बँक अर्थातच मान्य करणार नाही, पण तक्रारीचा मुख्य मुद्दा हाच ठेवा.

दुसरं, दोन वर्षं ग्राहकाने स्वतः व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय धरतात. बँकेने स्वतः टाकलेल्या व्याजाच्या किंवा शुल्काच्या नोंदी त्यात मोजत नाहीत. निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही. तुमच्या हिशेबाने ऑगस्ट २०२४ नंतरचा प्रत्येक ५९० सरळ चुकीचा. म्हणून कोणती नोंद कोणत्या महिन्याची, ते आधी लेखी मागा.

२३६ वर मात्र भांडू नका. २०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे बहुधा डेबिट कार्डाची वार्षिक फी. वरचे नियम दंडाचे आहेत, कार्डाच्या फीला लागू नाहीत. सगळं एकत्र करून "लुटलं" असं लिहिलंत तर बँक फक्त कार्डाच्या फीचं उत्तर देऊन मोकळी होईल.

प्रतिसाद:
थेट रिझर्व्ह बँकेकडे गेलात तर तक्रार परत येईल. आधी बँकेकडे लेखी तक्रार, मग तीस दिवस थांबायचं. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तिच्याच सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवरून. फी लागत नाही, वकील लागत नाही. अडलं तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या हेल्पलाइनवर विचारा. आणि तक्रार बहिणीच्या नावाने करा, तुमच्या नाही.

धागाकर्ता:
खूप आभार. ई-मेलच्या नोटिशीचं काय? बँक तेच पुढे करणार.

प्रतिसाद (निवृत्त):
करू द्या. एसएमएस का केला नाही आणि कोणत्या तारखेला कोणत्या पत्त्यावर काय पाठवलं, याची प्रत मागा. ती दाखवायची जबाबदारी बँकेची. तोवर 'ड्यू' म्हणून एक रुपयाही भरू नका, भरला की तुम्ही थकबाकी मान्य केली असं म्हणतील.

धागाकर्ता:
तक्रार शाखेत द्यायची की ई-मेलने?

प्रतिसाद (निवृत्त):
दोन्ही. शाखेतल्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि सही, ई-मेलला तक्रार क्रमांक. तीस दिवस त्या तारखेपासून मोजायचे. आणि आज रात्रीच पोर्टलवर रिफंडचं खातं बदला, नाहीतर पुढच्या वर्षीचाही तिथेच जाईल.