मदत हवी आहे: उत्तर आणि पूर्व श्रीलंका, नऊ माणसं, वय साडेतीन ते सत्त्याहत्तर

मंडळी नमस्कार. आम्ही नाशिकचे, पंचवटीत राहतो. येत्या मे महिन्यात घरातले नऊ जण श्रीलंकेला जायचं म्हणतोय, पण कोलंबो-कँडी-नुवारा एलिया-बेंटोटा या नेहमीच्या वाटेने नको आहे. अनुराधापुरा, जाफना, मन्नार, त्रिंकोमाली, पासिकुडा असा वरचा आणि पूर्वेचा पट्टा डोक्यात आहे. म्हातारी माणसं घेऊन तिकडे कोणी गेलं असेल तर वेळ काढून वाचा. लांबण लागलीये, आधीच माफी मागते.

माणसं अशी: सासूबाई ७७, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं त्या करू देत नाहीत. माझे बाबा ७२, रोज इन्सुलिन. मी, नवरा, धाकटे दीर, जाऊबाई, दहावीची परीक्षा दिलेला पुतण्या, माझी अकरा वर्षांची मुलगी आणि जावेची साडेतीन वर्षांची धाकटी. हिला गाडी लागते.

तारखा द्राक्षबाग ठरवते. दिरांचा मळा दिंडोरीकडे आहे. वेलींची खरड छाटणी उरकल्याशिवाय ते हलत नाहीत आणि वेलींचे डोळे (कोंब) फुटून विरळणीला आले की पुन्हा मळ्यात हजर. मधले नऊ-दहा दिवस काय ते आमचे, यंदा मेच्या पहिल्या पंधरवड्यात. पुढच्या वर्षावर ढकलावं तर २०२७ ला कुंभमेळा. तेव्हा आमच्या घरात चपला ठेवायला जागा नसते, आम्ही कुठे जाणार!

हाच पट्टा निवडायला पाऊस हे एक कारण. तिकडे मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस कोलंबो, दक्षिण किनारा आणि डोंगरी भाग धुऊन काढतो. उत्तर-पूर्वेचा पाऊस वेगळा, तो ईशान्येकडून ऑक्टोबर ते जानेवारीत येतो. म्हणजे आपल्या सुट्टीत पूर्व किनारा कोरडा आणि समुद्र शांत. ऊन असणारच. आपलं ऊन नुसतं भाजतं, तिथलं घामाने भिजवतं म्हणे.

दुसरं कारण सांगायला लाज वाटते. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीबरोबर दक्षिण भारत केला. रोज पहाटे पाचला बॅगा दाराबाहेर. मदुरैला "चाळीस मिनिटांत परत या" म्हणून सांगितलं आणि आईंना (सासूबाईंना) चालायला वेळ लागेल म्हणून बसमध्येच बसवून ठेवलं. आम्हीही गप्प बसलो, हे जास्त लागतं. त्यानंतर दोन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. आता यावेळी इथल्या एका एजंटाकडे गेलो तर सात दिवसांत सहा हॉटेलं! जाफन्याचं नाव काढल्यावर म्हणाला, "ताई, तिथे आपली माणसं जात नाहीत." तिथेच ठरवलं, आपलं आपण जायचं.

मागच्या रविवारी रंगीत तालीम म्हणून आईंना पांडवलेणीला नेलं. दोनशेच्या आसपास पायऱ्या. उतरून आलेले लोक पुन्हा चढले तरी आम्ही निम्म्यातच. दर वीस पायऱ्यांना थांबायचं, पण "दमलात का?" असं विचारलं की त्यांना राग येतो. मग मुलीने युक्ती काढली. ती स्वतःच "आजी, मी दमले" म्हणून खाली बसायची आणि आई तिला पाणी द्यायच्या. पाऊण तासाने वर पोचलो. लेण्यातल्या गारव्यात त्या अर्धा तास बसल्या आणि खाली आल्यावर म्हणाल्या, "लंकेत याहून उंच काय आहे?" सिगिरियाच्या बाराशे पायऱ्यांबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही.

त्यांचा पासपोर्ट काढतानाही गंमत झाली. जन्मतारीख अर्थातच १ जून, शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली. आणि बोटांचे ठसे मशीनवर उमटेनात. आयुष्यभर भाकऱ्या थापलेले हात. क्रीम चोळून, पुसून, चौथ्या वेळी उमटले.

आता अडचणी. पहिली, त्रिंकोमाली ते जाफना सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आहे. नकाशा पाच तास दाखवतो. धाकटीला उलट्या होतात, आईंचा पाय आखडतो, बाबांना वेळेवर खावं लागतं. पाचाचे सात होणार का? वाटेत धड स्वच्छतागृहं आहेत का?

दुसरी, जाफन्याजवळ नैनातीवू बेटावर नागपूशणी अम्मनचं देऊळ आहे आणि पलीकडेच बौद्धांचा नागदीप विहार. दोन्ही बघायचेत. पण होडीत चढउतार कशी असते? फोटोत माणसं खाली वाकून कुठेतरी आत शिरताना दिसतात.

तिसरी, आई आणि मी शाकाहारी. नारळाचं वाटण बघून भुलू नये असं कोणीतरी म्हणालं, ते काय प्रकरण आहे?

चौथी, चेन्नईहून जाफन्याला थेट विमान असतं. मुंबई-चेन्नई-जाफना करावं, की सरळ कोलंबोला उतरून गाडी करावी?

आणि शेवटची, खरी. आईंची एकच मागणी आहे. "सीतेला आपल्या इथून नेली, ती कुठे ठेवली ते बघायचं." सीतागुंफा आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे हे त्यांचं घरगुती प्रकरण आहे. पण अशोकवाटिका म्हणून जे दाखवतात ते सीता एलिया, नुवारा एलियाजवळ, म्हणजे बरोबर उलट्या टोकाला, घाटात. तेवढ्यासाठी जाऊन-येऊन दोन दिवस घालवावेत का? त्यांना नाही म्हणायची हिंमत घरात कोणाची नाही.

जाणकारांनी लिहावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

ताई, दोन वर्षांपूर्वी मी आईवडिलांना घेऊन हाच भाग केला. माझं मत स्पष्ट सांगतो: मन्नार आणि पासिकुडा काढून टाका. मन्नारचं गोरखचिंचेचं झाड आणि रस्त्यावरची गाढवं मला फार आवडली, पण त्यासाठी आजींना वाकड्या वाटेने नेऊ नका. पासिकुड्याला गुडघाभर पाण्यात लांबवर चालता येतं, मुलांना मजा येईल, पण त्रिंकोजवळ निलावेलीचा किनारा आहेच. मे महिन्यात तोही शांत असतो. दोन रात्री अनुराधापुरा, तीन जाफना, तीन त्रिंको, शेवटची विमानतळाजवळ नेगोंबोला. बॅगा चारच वेळा उघडायच्या.

कोलंबोलाच उतरा. मुंबईहून अडीच तासांचं एकच विमान. चेन्नईमार्गे मध्ये ताटकळणं आलं, शिवाय जाफन्याचं विमान छोटं, शिडीने चढायचं. गाडी ड्रायव्हरसकट सगळ्या दिवसांसाठी घ्या. तिकडे मोठ्या व्हॅनला 'केडीएच' म्हणतात, तेच नाव सांगा. पाचाचे सात होतात, धरून चाला. वावुनियाला जेवणाचा मोठा थांबा घ्या. अंधार पडल्यावर त्रिंकोच्या रस्त्यांवर नको, हत्ती आडवे येतात.

नैनातीवूची होडी कुरिकट्टुवान धक्क्यावरून. वीसेक मिनिटांचा प्रवास. धक्क्यावरून होडीत पाय टाकताना एक मोठी पायरी आणि आत छत खाली. दिरांनी आधी आत उतरायचं, पुतण्याने मागून धरायचं. सकाळची पहिली होडी घ्या, गर्दी कमी. डेल्फ्ट बेटाला मात्र एक तास लागतो, तिथे तरुण मंडळींना पाठवा आणि तुम्ही जाफन्यात आइस्क्रीम खा.

नारळाचं प्रकरण म्हणजे पोल सांबोल. दिसायला आपली ओल्या खोबऱ्याची लाल चटणी, पण त्यात बऱ्याचदा उंबलकड, म्हणजे सुकवलेल्या मालदीव माशाचा चुरा असतो. विचारल्याशिवाय खाऊ नका. जाफन्यात 'सैव' असं लिहिलेली खानावळ शोधा, ती शुद्ध शाकाहारी. तिथली इडियाप्पम (तांदळाच्या वाफवलेल्या शेवया) आणि सोधी (नारळाच्या दुधाचा पातळ रस्सा) आजींना नक्की चालेल.

जाफन्यातल्या नल्लूरच्या देवळात पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं, पुतण्याला घरीच सांगून ठेवा. अनुराधापुऱ्याला चपला काढून दगडी फरशीवर चालायचं असतं, दुपारी पाय पोळतात. जाड मोजे न्या, सकाळी आठच्या आत जा. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. गाडीत उन्हात ठेवू नका.

आता सीतामाई. दोन दिवस घालवू नका. त्रिंकोला रावण आहे. कोणेश्वराचं देऊळ किल्ल्यात, समुद्रावरच्या कड्यावर आहे. आत हरणं मोकळी फिरतात. जुनं देऊळ पोर्तुगिजांनी १६२२ मध्ये पाडलं, हे नंतरचं. कड्यातली फट रावणाने तलवारीने पाडली म्हणतात. आणि गावाबाहेर कन्निया इथे गरम पाण्याच्या सात विहिरी आहेत. आईच्या उत्तरक्रियेसाठी रावणाने त्या निर्माण केल्या अशी कथा आहे, अजूनही लोक तिथे पितरांचे विधी करतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

खूप खूप आभार. मन्नार आणि पासिकुडा काढले. दीर जरा हिरमुसलेत, त्यांना गोरखचिंच बघायची होती.

तुमचा प्रतिसाद काल रात्री आईंना मोठ्याने वाचून दाखवला. रावणाच्या तलवारीवर काहीच बोलल्या नाहीत. विहिरींचं आलं तेव्हा मात्र मला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. रामाने वडिलांचं श्राद्ध आमच्या रामकुंडावर केलं, हे त्यांना लहानपणापासून पाठ. बराच वेळ जपमाळ तशीच हातात धरून बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे ते त्याचं रामकुंडच की. पाणी बघून येऊ."

अशोकवाटिकेचा विषय नंतर निघाला नाही, मीही काढलेला नाही. तेवढं एक सांगा, त्या विहिरींना कठडा किती उंच आहे? वाकल्याशिवाय बादलीने पाणी काढता येतं का? पाण्याला हात लावल्याशिवाय आई तिथून हलणार नाहीत.