पिल्लू मोठं झाल्यावरच कळतंय की

एकानं विचारलंय ना, मासे पाळायच्या गेममधली माशांची पिल्लं सगळी करडीच का दिसतात, बग आहे काय म्हणून. बग नाही हो, खरे गप्पी मासे पण तसेच असतात की. आमच्या शहापुरातल्या घरी बरणीत होते, पिल्लं म्हणजे नुसतं डोळे फुटलेलं जिरं, मग महिनाभरानं कधीतरी नराच्या शेपटीजवळ केशरी ठिपका उठायचा. नराचे बरेच रंग वाय क्रोमोसोमवरनं (नरातच असणारा, बापाकडनं मुलाला मिळणारा गुणसूत्र) बापाकडनं येतात, त्यातला एक ठिपका असा बापाकडनं मुलाकडं जातो हे योहानेस श्मिट या डॅनिश जीवशास्त्रज्ञांनी १९२० मध्येच दाखवलंय. आणि दोन साध्या माशांना सोनेरी पिल्लू झालं तर दचकू नका, दोघांत त्या सोनेरी रंगाचा जीन लपलेला असला की २५ टक्के चान्स असतो, पण तो दर पिल्लामागं, चारात एक हमखास असं नाही. आमचा भाचा तर गेममध्ये रंग उठायच्या आधीच सगळी विकून कॉइन घेतोय, काय सांगायचं त्याला!