लग्न पायलटशी, मग संसार कुठे मांडायचा? कोल्हापुरात की बेसच्या शहरात?

सातवी गल्ली

माझ्या मावसबहिणीचं लग्न ठरलंय. मुलगा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. बेस बेंगळुरू, म्हणजे त्याची ड्युटी तिथून सुरू होते आणि तिथेच संपते. परवा मावशीनं मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन विचारलं, "तू बारा वर्षं काढलीस यात. पोरीनं तिकडं बिऱ्हाड करावं की इथं सासरी राहावं?" मी तिला जे सांगितलं ते माझ्या घरातही सगळ्यांना पटलेलं नाही, म्हणून इथे मांडतेय.

कोल्हापूर कुठल्याच मोठ्या विमान कंपनीचा बेस नाही. उजळाईवाडीला विमान येतं, प्रवासी उतरतात, नवे चढतात, विमान परत जातं. त्यामुळे आपल्याकडची मुलगी पायलटशी लग्न करते तेव्हा हा प्रश्न तिला चुकत नाही. माझं मत असं की मुलं लहान असेपर्यंत तिनं माणसांत राहावं. आपल्यासाठी माणसं म्हणजे कोल्हापूर.

माझे मिस्टरही पायलट, बेस मुंबई. लग्नानंतर आम्ही मुंबईत होतो, विमानतळाच्या जवळच भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मुलगी दीड वर्षाची असताना एका रात्री तिला एकशे चार ताप. पहाटे साडेतीनला ह्यांची गाडी खाली आली. "जाऊ नका" असं मी म्हणाले नाही, कारण ऐनवेळी पायलट आला नाही तर काय होतं ते मलाही ठाऊक होतं. पण आपण इथे थांबलो नाही या विचारात असलेल्या माणसानं दीडशे-दोनशे लोकांना घेऊन उडायचं हेही मला नको होतं. मी हसून दार लावलं. मग मुलीला सासूबाईंच्या जुन्या इरकलीत गुंडाळलं आणि वॉचमनदादांना रिक्षा बघायला सांगितलं. त्या मजल्यावर आठ बिऱ्हाडं होती, पण एकाही दाराची बेल वाजवण्याइतकी माझी ओळख नव्हती.

त्याच वर्षी मी राजारामपुरीत सासरी आले. पुढच्या वर्षी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. माझं माहेर शाहूपुरीत, कुंभार गल्लीजवळ. पंचगंगा घरात शिरली. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, मुंबईहून कुणी येणं शक्यच नव्हतं. सासरे, धाकटे दीर आणि दिरांच्या तालमीतली पोरं यांनी माझ्या आईला गुडघाभर पाण्यातून खुर्चीवर बसवून बाहेर काढलं. मी मुंबईत असते तर टीव्हीसमोर बसून रडण्यापलीकडे काय केलं असतं?

आमच्याकडे रोस्टर, म्हणजे ह्यांच्या ड्युटीचं वेळापत्रक, आलं की सासूबाई कालनिर्णयवर पेन्सिलीनं खुणा करतात. 'मु' म्हणजे बाहेरगावी मुक्काम, 'स्टँ' म्हणजे स्टँडबाय, बोलावलं तर जायच्या तयारीत राहायचं, 'घ' म्हणजे घरी. रोस्टर बदललं की खोडतात. गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशीचा चौकोन खोडून खोडून फाटला. तरी मुलगी एकटी नसते. आजोबा शाळेत सोडतात, काकू वेणी घालते. बाप नसण्याची भरपाई होत नाही, पण घर रिकामं वाटत नाही.

बेगमपेठेतली कोल्हापूरकरीण

ताई, तापाचं वाचून पोटात कालवलं. पण तुमचं मत मला अजिबात पटलं नाही.

माझे मिस्टर हैदराबाद बेसला आहेत. देशांतर्गत उड्डाणं असतात तेव्हा पायलट रोज बाहेरगावी राहत नाही. पहाटे गेला तर दुपारी घरी, दुपारी गेला तर मध्यरात्री घरी. महिन्यातल्या बाहेरच्या रात्री सोडल्या तर बाकी दिवशी तो दिवसातून काही तास तरी घरात असतो. आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. ह्यांची दुपारची ड्युटी असेल तेव्हा त्याला शाळेत तेच सोडतात. उशिरा उतरले तरी सकाळी त्याच्याशेजारी झोपलेले असतात. तो हळूच उठून बाबांची पट्ट्यांची स्कंधचिन्हं स्वतःच्या पायजम्यावर लावून बसतो. हे तुकडे कोल्हापुरात राहून मिळतात का? तुम्हाला फक्त 'घ' चे चौकोन मिळतात. उरलेले अर्धे दिवस कुठे जातात, हे कॅलेंडरवर दिसतच नाही.

ओळखीचं म्हणाल तर ती करावी लागते. मला दोन वर्षं लागली. आता आमच्या सोसायटीत आम्ही पाच जणी आहोत, सगळ्यांचे नवरे उडणारे. एकमेकींच्या घराच्या किल्ल्या एकमेकींकडे असतात.

गडहिंग्लजकर

मी स्वतः पायलट आहे. सातवी गल्लीताई, एक बाजू तुमच्या लिहिण्यातून सुटलीय, ती झोपेची.

डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्याच्या नियमानं आम्ही वर्षाला जास्तीत जास्त १००० तास उडू शकतो. लोक म्हणतात, एवढंच? पण हे तास विमान जागचं हलल्यापासून परत थांबेपर्यंतचेच असतात. रिपोर्टिंग, दोन उड्डाणांमधली वाट पाहणं, हॉटेलपर्यंतची गाडी, यातलं काही त्यात येत नाही. जुलै २०२५ पासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, आणि त्यात दोन स्थानिक रात्री हव्यात. हा नियम आम्ही झोपावं म्हणून आहे. ३६ तास होते तेव्हा मी काय करायचो? शेवटचं उड्डाण संपलं की मुंबईहून रात्रीची स्लीपर धरायचो. सातारा ते कागल रस्त्याचं काम चालू, डोळा लागला की खड्डा. सकाळी गावी पोचायचो तो डोळे लाल. दुसऱ्या रात्री परत गाडी. कागदावर ३६ तास विश्रांती, अंगावर दोन रात्रींचं जागरण. पोरगं मांडीवर बसून गोष्ट सांग म्हणायचं आणि मी वाक्य अर्धं सोडून झोपायचो.

शिवाय स्टँडबायला बेस सोडता येत नाही. फोन आला की ठरलेल्या वेळेत हजर व्हावं लागतं. तो दिवस मी भाड्याच्या खोलीत भिंतीकडे बघत काढायचो. बायकापोरं तिथं असती तर तोच दिवस घरचा झाला असता. दोन वर्षांपूर्वी त्यांना मुंबईला आणलं. मला विचाराल तर ते फार आधी करायला हवं होतं.

यंत्रमाग

मी इचलकरंजीचा. वडिलांनी पंचवीस वर्षं मागावर रात्रपाळी केली. दिवसा ते झोपायचे आणि आम्ही भावंडं एका खोलीत आवाज न करता खेळायचो. आमच्या आईला कुणी विचारलं नाही कुठं राहणार म्हणून. पगार बघा आणि मग दुःख सांगा.

सातवी गल्ली

यंत्रमाग दादा, तुमच्या आईचं दुःख माझ्यापेक्षा मोठं आहे, हे मी मान्य करते. पगार चांगला आहे हेही खरं. पण प्रशिक्षणासाठी सासऱ्यांनी शेत गहाण ठेवलं होतं आणि कर्ज फिटायला नऊ वर्षं गेली. दर वर्षी मेडिकल असते. त्यात एखादी गोष्ट अडली तर त्या दिवसापासून उडणं बंद. बेसच्या शहरात मोठं घर, मोठी शाळा असा पसारा मांडायला मी म्हणूनही घाबरते. इथे राहतं घर आहे.

टाकळीची आजी

नातवाकडून लिहून घेतेय. मी शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीची. आमच्या गावात घरटी फौजी. माझे मालक सतरा वर्षं फौजेत होते. मी सासू-सासऱ्यांजवळ गावातच राहिले, तीन लेकरं वाढवली. सगळी माणसं होती, कशाला कमी पडलं नाही. लेकरं मार्गी लागली.

मग मालक पेन्शनीवर घरी आले. पहिल्या आठवड्यात जेवताना आमटी अळणी झालेली. ते उठले आणि मला विचारलं, "मीठ कुठं असतंय?" स्वतःच्या घरात. थोरला लेक पंधरा वर्षांचा, तो काय मागायचं झालं की आजोबाकडं जायचा. बाप बसलेला असायचा शेजारी. कुणाची चूक नव्हती. पण माणसाला घरात जागा सापडायला पाच-सहा वर्षं गेली.

आम्हाला नेणं शक्य नव्हतं, क्वार्टर मिळायचं नाही. तुझ्या बहिणीला शक्य आहे. तिला म्हणावं, जा बाई नवऱ्याबरोबर. सासूला चार महिने तिकडं ने.

शिरोली फौंड्री

सगळे 'बायकोनं कुठं राहायचं' हेच विचारतायत. आमच्यात पायलट बायको आहे. बेस हैदराबाद. माझी भट्टी शिरोली एमआयडीसीत, ती उचलून नेता येत नाही. मुलगा माझ्याजवळ, माझी आई आहे. तिचा मुक्काम असेल तिथून ती रात्री आठला फोन करते आणि मुलगा तिला पाढे म्हणून दाखवतो. लोक मला विचारतात, "पोराला आईशिवाय करमतं का?" सातवी गल्लीताईंच्या नवऱ्याला असं कुणी विचारलंय का कधी? करमत नाही, हे उत्तर आहे. तरी आम्ही दोघांनी मिळून हे ठरवलंय आणि निभावतोय. ताईंच्या बाजूनं माझं एक मत धरा. कामं दोन ठिकाणी असतील तर मूल माणसांतच बरं.

बेगमपेठेतली कोल्हापूरकरीण

दादा, तुमचं वेगळं आहे, तिथे दोघांची कामं आहेत. ताईंच्या बहिणीचं तसं आहे का? तिची नोकरी?

सातवी गल्ली

ती बीएड झालीय, अजून नोकरी नाही. तिकडे मिळेल असं तिला वाटतं.

गडहिंग्लजकर दादा, झोपेचं तुम्ही लिहिलंत ते ह्यांना दाखवलं. ते काही बोलले नाहीत, फोन परत दिला आणि म्हणाले, "ह्या वेळी तुम्ही या." म्हणजे बारा वर्षांत त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. आता ठरलंय की एका आड एका सुट्टीला मी आणि मुलगी मुंबईला जायचं.

माझं मत मात्र अर्धंच हललंय. मुलगी दीड वर्षाची असताना मी इथे आले ते बरोबरच केलं, आज पुन्हा तेच करेन. पण ती आता दहाची आहे. चार वर्षांपूर्वीच परत जायला हवं होतं का, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. आजी, तुमचं मिठाचं मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "परवा तो चहात घालायला साखर शोधत होता, मीच उठून दिली."

बहिणीला हा धागा पाठवतेय. सगळं वाचून तिचं तिनं ठरवावं.

बेगमपेठेतली कोल्हापूरकरीण

तिला माझ्याशी बोलायला सांगा. आमच्या पाच जणींपैकी एकीची बहीण बेंगळुरूलाच असते, तिचेही मिस्टर पायलट आहेत. पहिली किल्ली ठेवायला तरी एक घर असेल.