लिहिले होते, पण मानले गेले नाही
‘गुलाम स्त्रियांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही, म्हणून त्या इतिहासात दिसत नाहीत’ हा मुद्दा मला अर्धाच पटतो, कारण ज्यांनी लिहिले त्यांच्यावरही विश्वास ठेवला गेला नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाच्या हॅरिएट जेकब्स या कृष्णवर्णीय गुलाम स्त्री मालकाच्या जाचातून सुटण्यासाठी आजीच्या घरात, धड उभेही राहता येणार नाही अशा माळ्यावर सुमारे सात वर्षे लपून राहिल्या आणि पुढे न्यूयॉर्क राज्यात दुसऱ्यांची मुले सांभाळताना, मुख्यतः रात्री, त्यांनी आत्मकथन लिहिले. १८६१ साली ते टोपणनावाने निघाले. त्यानंतर कित्येक दशके अनेक अभ्यासक ती संपादिका लिडिया मारिया चाइल्ड यांनी रचलेली कादंबरीच समजत होते (संपादिका गोऱ्या होत्या, हे वेगळे सांगायला नको). जेकब्स यांनी एमी पोस्ट या मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांच्या आधारे जीन फेगन येलिन या अभ्यासिकेने जेकब्स यांचेच लेखकत्व सिद्ध केले, तेव्हा १९८०चे दशक उजाडले होते.