‘लाचार’ आणि ‘मिंधा’ यांतला फरक
‘लाचार’ हा शब्द ‘लाच’वरून आला असावा, हे काहींचे मत मला पटत नाही. अरबी ‘ला’ म्हणजे नाही आणि फारसी ‘चारा’ म्हणजे उपाय. ‘दुसरा चाराच उरला नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा हाच चारा असतो, गुरांचा नव्हे. हिंदीत लाचार म्हणजे आजही निरुपाय झालेला. मराठीत मात्र त्याला हांजी हांजी करणाऱ्याचा अर्थ चिकटला, आणि तो गरिबावर अन्याय करणारा आहे. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदारकी (शेतमालकाकडची वर्षभराची चाकरी) ठरते; आगाऊ उचल घेतलेला सालदार मालकाच्या ओट्यापाशी मान खाली घालून उभा राहतो, तेव्हा तो मिंधा असतो, म्हणजे उपकाराच्या ओझ्याने ओशाळलेला. त्याला लाचार म्हणायचेच असेल, तर मूळ फारसी अर्थानेच म्हणावे.