स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचा साइन वेव्ह करता येईल का? पंखा फार घुमतो

खारेगावकर:
वडिलांच्या वेळचा 600 व्हीएचा इन्व्हर्टर आहे, लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाला, पुश-पुल (वाइंडिंगचे दोन अर्धे आलटून-पालटून चालवणारा), दोन्ही बाजूंना तीन-तीन झेड44 मॉसफेट (स्विचचं काम करणारे ट्रान्झिस्टर). बॅटरी गेल्या दिवाळीतच नवी घेतली, 150 एएच, त्यामुळे भंगारात टाकवत नाही. लाइट गेली की आईच्या खोलीतला पंखा असा घुमतो की ती म्हणते, बंद कर बाबा, घाम परवडला. शनिवारी आउटपुटला पंख्याचे 2.5 मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर लावून पाहिले. पंखा तसाच, हीटसिंकवर बोट ठेववेना आणि पाच मिनिटांत एक मॉसफेट फट्. शिवाय मीटर 255 दाखवतो, ते का?

रबाळे_बेंच:
आधी मीटर. साधा मीटर सरासरी मोजतो आणि समोर साइनच, म्हणजे घरच्या विजेसारखी गोलसर लाटच आहे असं धरून 1.11 ने गुणतो. स्क्वेअरची, म्हणजे चौकोनी लाटेची, सरासरी आणि आरएमएस (खरं परिणामी व्होल्टेज) एकच, म्हणून 230 चे 255 दिसतात. इन्व्हर्टर ठीक आहे.

कपॅसिटरचा नाद सोड. स्क्वेअरमध्ये 50 हर्ट्झबरोबर त्याच्या एक तृतीयांश 150 हर्ट्झचा आणि एक पंचमांश 250 हर्ट्झचा भाग असतो. तो गाळायला ट्रान्सफॉर्मरएवढा चोक (गाभ्यावर गुंडाळलेली कॉइल) लागेल. नुसता कपॅसिटर लावलास की प्रत्येक उभ्या कडेला मॉसफेटला शॉर्ट दिसतो. साइन मॉसफेटच्या गेटवरच (चालू-बंद करणाऱ्या पायावरच) घडवावी लागते. ईजीएस002 बोर्ड लॅमिंग्टन रोडला मिळेल. तो 23.4 किलोहर्ट्झचे पल्स कमी-जास्त रुंद करत साइन काढतो. एवढ्या वरची घाण छोटा चोक आणि तुझे तेच कपॅसिटर गाळतील. मात्र मॉसफेटचा फुल ब्रिज (चार गटांची जोडणी) करावा लागेल, वाइंडिंगचा मधला टॅप सुटेल.

वागळे_वाइंडिंग:
अरे, ट्रान्सफॉर्मरचं कोणी बोलेना! तुझा बहुतेक 9-0-9 असेल, म्हणजे मधल्या टॅपच्या दोन्ही बाजूंना 9-9 व्होल्ट. बॅटरी 10.5 ला उतरली की साइनचं शिखरही तेवढंच, म्हणजे आरएमएस 7.4. अर्ध्या वाइंडिंगवर चालवलास तर पलीकडे जेमतेम 190 निघतील. 230 ची बाजू राहू दे, खालची उसवून जाड पट्टीने 7 व्होल्टची भरून घे. आणि लक्षात ठेव, त्या 7 व्होल्टमधून बॅटरी चार्ज होणार नाही, चार्जर वेगळा. पहिल्यांदा चालू करताना बॅटरीच्या प्लसमध्ये गाडीचा हेडलाइट बल्ब सिरीजला टाक, कुठे शॉर्ट असला तर करंट तोच अडवेल.

खारेगावकर:
तीन रविवार गेले. काका, तुमच्या बल्बने वाचवलं. पहिल्याच वेळी भक्कन पेटला, बघतो तर एका मॉसफेटखालचा माइका (वीज अडवणारा पातळ पापुद्रा) फाटून त्याची धातूची पाठ हीटसिंकला टेकलेली. बदलल्यावर बल्ब विझल्यासारखा. मग बल्ब काढला, बोर्डावरचा फीडबॅकचा प्रिसेट (आउटपुट व्होल्टेज ठरवणारा छोटा स्क्रू) फिरवत 230 लावले, त्याच जुन्या मीटरवर. आता साइन आहे म्हणजे मीटर खरं बोलत असणार ना? पंखा गप्प आहे. फक्त चोक तापतोय. त्याला जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधली (पॉवर सप्लायमधली) पिवळी रिंग वापरली.

रबाळे_बेंच:
मीटर आता खरं बोलतोय. पिवळी-पांढरी रिंग मात्र या फ्रिक्वेन्सीला तापतेच, ती तिथे डीसी गाळायला असते. सेंडस्टची (कमी तापणाऱ्या मिश्रधातूच्या भुकटीची रिंग) घे आणि पाच-सहा तारांचा पीळ करून गुंडाळ.